मोजमाप पुस्तिकेचा थरार

सरकारी घोटाळ्यांवर बेतलेल्या चित्रपटांत पाठलाग आणि पिस्तुले यांपेक्षा कागद तपासणारी माणसे मला अधिक खिळवून ठेवतात, कारण सत्तेला खरी भीती कागदाचीच असते.

‘ऑल द प्रेसिडेंट्स मेन’ (१९७६) पाहताना हे फार जाणवते. जून १९७२ मध्ये वॉशिंग्टनच्या वॉटरगेट इमारतीत, डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात, पाच घुसखोर पकडले गेले आणि त्या धाग्यातून उलगडत गेलेल्या प्रकरणाने ऑगस्ट १९७४ मध्ये अध्यक्ष निक्सन यांना पायउतार व्हावे लागले. चित्रपटातील दोन बातमीदार ग्रंथालयात बसून, कोणी कोणती पुस्तके नेली याच्या चिठ्ठ्या एकेक करून उलटतात. कॅमेरा वर वर जातो, ते दोघे ठिपक्याएवढे होतात आणि हाती काहीच लागत नाही. निक्सन यांच्या प्रचार समितीचे हिशेब लिहिणारी बाई तर घरी आलेल्या बातमीदाराला धड बसूही देत नाही, पण पैसे कोणाकोणाला गेले हे तिला गप्प राहून सहनही होत नाही. तिच्या चेहऱ्यावरची ती ओढाताण मला साऱ्या चित्रपटात मोलाची वाटते.

कोस्टा-गाव्रास यांच्या ‘झी’मध्ये (१९६९) हे काम एक तपास न्यायाधीश करतो. १९६३ मध्ये ग्रीसचे खासदार लाम्ब्राकिस यांच्यावर झालेला जीवघेणा हल्ला अपघात म्हणून दडपला जात होता. हा न्यायाधीश आवाज न चढवता छातीवर पदके लावलेल्या अधिकाऱ्यांना नाव आणि हुद्दा विचारतो आणि कारकून टंकयंत्रावर ते उतरवून घेतो. ज्यांच्यावरून हे पात्र घेतले, ते सार्त्झेटाकिस १९८५ मध्ये ग्रीसचे राष्ट्राध्यक्ष झाले.

आम्ही वैनगंगेच्या खोऱ्यातली धान पिकवणारी माणसे. गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली तेव्हा अंदाजित खर्च ३७२ कोटी रुपये होता. एकामागून एक ‘सुप्रमा’, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता, मिळत तो १८ हजार कोटींच्या वर गेला. २०१२ मध्ये राज्यातील सिंचनावरच्या खर्चाचा प्रश्न पेटला, त्यातील गैरप्रकारांबद्दल मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी लिहिलेले पत्र गाजले, पुढे चौकशा झाल्या आणि गुन्हेही दाखल झाले. दरम्यान कालव्याच्या अस्तरीकरणाला, म्हणजे पाणी झिरपू नये म्हणून आतून दिलेल्या थराला, तडे गेलेले आणि त्या तड्यांतून गवत उगवलेले आम्ही बांधावरून पाहत होतो.

या विषयावर मराठीत एक तोलामोलाचा चित्रपट व्हावा, असे मला मनापासून वाटते. त्यात मंत्र्यांच्या सभा कमी असल्या तरी चालतील. मात्र मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे झालेल्या कामाची मापे नोंदवण्याच्या सरकारी वहीत, काम किती दाखवले, देयक किती निघाले आणि वाढीव दर कोणाच्या सहीने मंजूर झाला, हे प्रेक्षकाला नीट वाचता येईल इतका वेळ ते पान पडद्यावर राहिले पाहिजे.