१८६२ चा सुती ड्रेस, अपडेट ३: पिंजरा तयार, घेर बसला, बाह्या बाकी

तर मंडळी, बऱ्याच दिवसांनी अपडेट. पिंजरा (स्कर्ट फुगवायला आतून घालायचा पोलादी कड्यांचा सांगाडा, म्हणजेच हूप स्कर्ट) पूर्ण झालाय, स्कर्ट कमरपट्टीला लागलाय, वरचा भाग अस्तरासकट उभा आहे आणि बाह्या अजून टेबलावर पडल्यात. नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात सांगते, हा अमेरिकेतल्या साधारण १८६२ मधल्या साध्या घरच्या बाईचा रोजचा ड्रेस आहे, छापील सुती कापडाचा. बॉलगाऊन नाही, सिल्क नाही, आणि दक्षिणेतल्या मळेवाल्या बाईसाहेबांचा तर मुळीच नाही, ते करणारे खूप आहेत आणि त्या मळ्यात कोण राबत होतं हे सोयीस्कर विसरून फोटो काढतात, मला ते जमत नाही. माझी बाई उत्तरेकडच्या ओहायोतली धरलीय. अर्थात तिच्या अंगावरचं कापडही त्याच गुलामांनी वेचलेल्या कापसाचं असणार, मॅसॅच्युसेट्समधल्या लॉवेलच्या कापडगिरण्या दक्षिणेच्या कापसावरच चालायच्या. मग १८६१ ला अमेरिकेतलं यादवी युद्ध सुरू झालं, दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी झाली, कापूस अडकला, आणि तिकडे मँचेस्टरला माल हवा म्हणून इकडे मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला, १८६५ ला युद्ध संपल्यावर तो फुगा फुटलाही. म्हणजे ओहायोच्या बाईच्या ड्रेसचा आणि आपल्या मुंबईचा संबंध नाही असं कोणी म्हणू नका.

आधी पिंजरा. हूप स्कर्ट म्हटलं की सगळ्यांना वाटतं बाईला छळायचं यंत्र. घालून बघा मग बोलू. १८५६ च्या आधी घेर फुगवायचा तर एकावर एक खळ केलेले परकर घालायचे, पाच पाच, सहा सहा. मी नुसता एक मांजरपाटाचा परकर किचनच्या वजनकाट्यावर ठेवला, अर्ध्या किलोच्या वर भरला, तोही खळ न करता. आता याला पाचने गुणा आणि उन्हाळ्यात चुलीपुढे उभं राहा. माझा अख्खा पिंजरा किलोच्या आत बसतो आणि पाय मोकळे! पोलादाची पातळ लवचिक पट्टी स्वस्तात निघायला लागली म्हणून हे शक्य झालं, न्यूयॉर्कला डग्लस अँड शेरवुडसारख्या कारखान्यांत शेकडो मुली हेच बनवायला बसायच्या. मिळवत्या बाईला परवडेल इतकं ते स्वस्त झालं, म्हणून तर सगळ्या थरात पसरलं.

मटेरियल: बाहेरून हूप स्टील मागवलं तर पोस्टेजच जास्त होतं, म्हणून बोहरी आळीतून खोकी बांधायची स्टीलची पॅकिंग पट्टी आणली, अर्धा इंची. दुकानदाराने विचारलं "कशाला पाहिजे ताई?" मी म्हटलं परकराला, तो पुढे काही बोललाच नाही. पट्टीच्या कडा धारदार असतात, हातमोजे घालूनच कापा, टोकं कानशीने गोल करा, त्यावर इन्सुलेशन टेप आणि वरून सुती पट्टी. जुन्या पिंजऱ्यांत पोलादावर सुताचं विणलेलं कव्हर असायचं, मी सुती कापडाच्या लांब नळ्या शिवून त्यात पट्टी सरकवली. सर्वात खालचं कडं ११० इंचाचं ठेवलं आणि जमिनीपासून नऊ इंच वर, त्याच्या खाली नेलंत तर चालताना पाय अडकणारच. वरची दोन कडी समोरून उघडी, नाहीतर आत शिरणार कसं. आणि १८६० नंतरचा आकार गोल नसतो, पुढे चपटा होत जातो नि मागे फुगतो, त्यासाठी मागच्या उभ्या पट्ट्या थोड्या लांब ठेवल्या.

आई दारातून बघत होती, म्हणाली, "एवढा घागरा कोणाच्या लग्नात घालणारेस गं?" मग तिलाच घालून दाखवला तर हॉलभर फिरली आणि सोफ्यावर बसताना मागचं कडं आपोआप उचलून बसली, कोणी शिकवलं नव्हतं.

छळ नाही म्हटलं तरी धोका होता हे खरंच. घेर शरीरापासून लांब, आत हवा खेळती, ठिणगी पडली की संपलं. कवी लाँगफेलोची बायको फॅनी १८६१ च्या जुलैत अमेरिकेतल्या केंब्रिजला घरातच ड्रेस पेटून गेली. म्हणून मी हा घालून गॅसजवळ जात नाही, तुम्हीही जाऊ नका.

आता मशीनची गोष्ट, यासाठीच खरं तर पोस्ट लिहायला घेतली. काही जण म्हणतात ऐतिहासिक ड्रेस म्हणजे सगळं हातानेच शिवायला हवं. का? १८६२ ला अमेरिकेत शिलाई मशीन घराघरात शिरायला लागलं होतं. टोकाजवळ भोक असलेली सुई आणि शटल (खालचा दोरा नेणारी धोटी), दोन दोऱ्यांची टीप, याचं पेटंट एलियस हाऊने १८४६ ला घेतलं. त्याच्याही आधी वॉल्टर हंटने असं मशीन बनवलेलं पण पेटंट घेतलंच नाही, शिवणाऱ्या बायकांचं काम जाईल म्हणून मागे हटला असं सांगतात. हाच तो सेफ्टी पिनवाला हंट, १८४९ चं पेटंट, ४०० डॉलरला विकून मोकळा झाला. सिंगर १८५१ ला आला, उभी सुई, कापड दाबणारा पाय, पायाने चालवायची सोय, आणि त्यावर हाऊने केस ठोकली नि जिंकला. मग १८५६ ला सगळ्या मोठ्या कंपन्यांनी भांडणं मिटवून पेटंटं एकत्र केली, आणि त्याच सुमाराला सिंगरचा पार्टनर एडवर्ड क्लार्क याने हप्त्यावर मशीन द्यायला सुरुवात केली. मशीन शंभर डॉलरच्या आसपास, साध्या घराला कुठून परवडणार, हप्त्यांमुळे परवडलं. आपल्याकडे फ्रीज घेतात तसंच, पण तेव्हा ही कल्पना नवीनच होती.

माझ्याकडे आजीचं सिंगरचं पायमशीन आहे, त्या काळाच्या बरंच नंतरचं, पण टीप तीच. चामड्याचा पट्टा नवीन टाकला, तेल दिलं, लोण्यासारखं चालतंय. (एकदोऱ्याचं विलकॉक्स अँड गिब्जचं मशीनही १८५७ पासून होतं, त्याची साखळीटीप म्हणजे तांदळाच्या पोत्याच्या तोंडाला असते तीच, योग्य टोक ओढलं की सर्रकन उसवते.)

तर व्हीलर अँड विल्सन या शिलाई मशीनच्या कंपनीने १८६० च्या सुमारास एक तक्ता छापला होता, हाताने किती वेळ आणि मशीनवर किती. पुरुषाचा शर्ट हाताने १४ तास २६ मिनिटं, मशीनवर १ तास १६ मिनिटं. छापील सुती ड्रेस हाताने ६ तास ३७ मिनिटं, मशीनवर ५७ मिनिटं. सत्तावन्न मिनिटं! हे वाचून मी घड्याळ लावूनच बसले. स्कर्टच्या सरळ शिवणी, ४४ इंची पन्ह्याचे चार तुकडे, चहा गार व्हायच्या आत जोडून झाले. तिथपर्यंत कंपनी खरं बोलतेय. पण नंतर?

नंतर घेर कमरेला लावायचा. जोडून झाल्यावर घेर जवळपास १७० इंच, कमरपट्टी २८, म्हणजे सहा पट कापड कमरेत कोंबायचं. साध्या चुण्या घातल्या तर कमरेला उशी बांधल्यासारखं दिसतं. इथे वापरतात ती पद्धत अशी: वरची कड आत दुमडायची, आत फ्लॅनेलची अरुंद पट्टी घालायची म्हणजे चुण्यांना अंग येतं, मग मेण लावलेल्या दुहेरी दोऱ्याने पाव पाव इंचाचा धावदोरा, दोन समांतर रांगा, आणि वरचा टाका बरोब्बर खालच्या टाक्याच्या डोक्यावर पडला पाहिजे. मी उलट्या बाजूने खडूने टिंबं काढून घेतली. मग दोन्ही दोरे एकदम ओढायचे, कापड पेटीच्या भात्यासारखं मिटत येतं. त्या क्षणाला जाम भारी वाटतं. आणि मग प्रत्येक घडीचं टोक कमरपट्टीला हाताने शिवायचं, एका घडीला दोन टाके, प्रत्येक घडीला, सगळीकडे. यात मशीनचं काही काम नाही, घुसवलंत तर घड्या चेपून जातात. माझे दोन अख्खे रविवार यातच गेले, पण स्कर्ट पिंजऱ्यावर कसा सुटतो ते बघाल तर कळेल का करायचं.

वरच्या भागातही तेच. खांद्याची शिवण मागे सरकलेली, बाहीचा जोड दंडावर उतरलेला, आणि त्या जोडात उरेब (तिरक्या कापलेल्या) पट्टीची बारीक पायपिंग. कापड आणि अस्तर एकत्र धरून एकच थर समजून शिवायचं. मशीनने टीप मारता येते पण पायपिंग आधी हातानेच टाचून घेते, नाहीतर सरकते. तयार पेपर पॅटर्न तेव्हा सहज मिळत नव्हते, बटरिकने मापांचे कागदी पॅटर्न १८६३ ला काढले तेही आधी पुरुषांच्या आणि मुलांच्या कपड्यांचे, त्यामुळे माझी ओहायोवाली जुना ड्रेस उसवून त्याच्यावरूनच नवा कापत असणार.

तर माझं मत असं की मशीनने वेळ वाचवला तो फॅशनने गिळला. १८६० पर्यंतचा साधा घेर बघा आणि १८७० नंतरचे ड्रेस बघा, फ्रिलवर फ्रिल, प्लीटच्या रांगा, ओव्हरस्कर्ट, मागे बसल (कमरेखाली नुसता मागचा फुगवटा). टीप मारणं सोपं झालं म्हणून टिपा वाढल्या. बायका संध्याकाळी लवकर मोकळ्या झाल्या असं काही दिसत नाही. आणि तयार कपड्यांच्या धंद्यात शिवणाऱ्यांना नगावर जे मिळायचं ते तर घसरलंच. १८८३ ला आनंदीबाई जोशी तिकडे पोचल्या तेव्हा पिंजरा जाऊन पुन्हा बसलची लाट आलेली होती, आणि या सगळ्या फुगवट्यात त्या साडी नेसून फिलाडेल्फियाची थंडी काढत होत्या, नऊवारीत पाय उघडे पडतात म्हणून गुजराती पद्धतीने नेसायला लागल्या. कपड्याच्या बाबतीत इतकी व्यवहारी तडजोड मला तरी आवडते.

कॉलर मात्र झाली, पांढरी, सुटी, ड्रेसवर टाचायची. ड्रेस वरचेवर धुवायचा नाही, छापाचा रंग जातो, म्हणून गळ्याला नि मनगटाला घाम लागतो तेवढंच काढून धुवायचं. पुरुषांची सुटी कॉलर न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉयची, १८२७ ला हॅना माँटेग्यू नवऱ्याचा अख्खा शर्ट धुवून कंटाळली आणि कॉलरच कापून वेगळी केली अशी गोष्ट आहे. पुढे ट्रॉयमध्ये कॉलर बनवणं, धुणं आणि इस्त्री करणं हाच मोठा धंदा झाला, आणि १८६४ ला केट मलेनीने धुणाऱ्या बायकांची युनियन काढून संप केला, पगार वाढवून घेतला. हप्त्यावरच्या मशीनपेक्षा मला ही गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते, पण यावर वेगळं लिहीन.

पुढचं काम: बाह्या (मनगटाला चुण्यांची, कोपरात ढिली), पुढची काजं, आणि हेम. हेमच्या कडेला त्या काळी लोकरीची वेणीसारखी अरुंद पट्टी लावायचे, जमिनीला घासून झिजली की तेवढी उसवून नवीन लावायची. तशी लोकरीची पट्टी मला पुण्यात मिळत नाहीये, सगळीकडे पॉलिस्टर. कोणाला मुंबईत मंगळदास मार्केटच्या आसपास दिसली असेल तर गल्ली सांगा. लागेल साधारण पाच मीटर, तपकिरी किंवा काळी.