आईच्या यकृतातली गाठ

आज मुंबईत आईच्या यकृतातली गाठ काढली. ती पुच्छखंडात, म्हणजे यकृताच्या अगदी मागे, अधोमहाशिरेला, म्हणजे शरीराच्या खालच्या भागातले रक्त हृदयाकडे नेणाऱ्या मोठ्या शिरेला, टेकून असल्यामुळे रत्नागिरीच्या डॉक्टरांनी वेळ न दवडता आम्हाला इकडे पाठवले; त्यांचे उपकार मी विसरणार नाही. यकृताच्या ८ भागांपैकी या पहिल्या भागातून बारीक शिरा थेट महाशिरेत उतरतात, हे सर्जनांनी कागदाच्या पाठीवर पेनाने काढून दाखवले होते. त्या एकेक बांधत, यकृताकडे येणारे रक्त १५ मिनिटे चिमट्याने रोखून ५ मिनिटे सोडत, त्यांनी सहा तास किती धीराने काम केले असेल! संध्याकाळी शुद्धीवर आल्यावर आईने पुटपुटत विचारले, "गो, परसातला फणस उतरवलास काय?" तेव्हा कुठे माझा बांध फुटला. गाठीचा तपासणी अहवाल अजून यायचा आहे.