ठाकूरवाडीच्या वर साखळी

कर्जतला मागून इंजिनं लागली की प्रवाशांच्या डोक्यात फक्त वडापाव. आम्ही बँकरवाले, म्हणजे घाटात गाडीला मागून जोर देणारी इंजिनं चालवणारे. लोणावळ्यापर्यंत गाडी ढकलायची, सुटायचं, परत खाली. पुढच्या लोको पायलटचं तोंडही क्वचित दिसतं; ओळख वॉकीटॉकीवरच्या आवाजापुरती.

त्या दिवशी जुलैचा पाऊस, 24 डबे, मागे आम्ही तीन बँकर. घाटातली ठाकूरवाडी ओलांडली आणि ब्रेक पाइपमधल्या हवेच्या दाबाचा काटा घसरला. कोणीतरी साखळी ओढली होती.

भोर घाट 1863 साली सुरू झाला, इंजिनं किती बदलली, पण चढ आजही 37ला 1, म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की एक मीटर वर. एवढ्या लांब गाडीचं पुढचं इंजिन आमच्यापेक्षा चार-पाच मजले वर असतं. इथे ब्रेक सुटले की सगळं वजन मागे, आमच्या अंगावर येतं.

गार्डसाहेब भिजत डबे धुंडाळत गेले, साखळी पूर्ववत झाली. हवा पुढून भरत शेवटच्या डब्यापर्यंत यायची, काटा पाचवर यायला वेळ लागतो. तोवर इंजिनांच्या ब्रेकवर गाडी धरून ठेवायची. खरी कसोटी त्यानंतर. पुढच्याने एकट्याने जोर लावला तर कपलिंग तुटायची भीती. आम्ही उशीर केला तर गाडी मागे सरकणार. घाईने नॉच, म्हणजे इंजिनाचा जोर वाढवायच्या पायऱ्या, दिले तर ओल्या रुळावर चाकं जागच्या जागी फिरणार. पकड यावी म्हणून रुळावर वाळू सोडली, एक नॉच, नजर करंट दाखवणाऱ्या ॲमीटरवर. दुसरा नॉच. चाकं घसरून जागीच फिरली. नॉच खाली, पुन्हा वाळू. वॉकीटॉकीवर पुढचा आवाज: "तुम्ही आधी घ्या दादा, मी थांबतो." कपलिंग दबल्याचा दणका सीटखाली जाणवला, मग दुसरा, आणि गाडी हलली. असा माणूस पुढे असला की निम्मं काम होतं. काहींना सगळी गाडी एकट्यानेच ओढायची हौस असते.

लोणावळ्याला साखळी ओढणारा आरपीएफच्या ताब्यात उभा होता. दारातून मोबाइल पडला होता म्हणे. मला म्हणाला, "घाटात गाडी हळूच असते ना, थांबवली तर काय बिघडलं?"

रेल्वे कायद्याच्या कलम 141 खाली हजारापर्यंत दंड नाहीतर वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही. डब्यातल्या पाटीवर दंड असतो, चढ नसतो. त्याचा प्रश्न खोटा नव्हता, म्हणूनच डोक्यातून जात नाही. त्याला केबिनमध्ये बसवून तो दुसरा नॉच दाखवायला हवा होता. पण नियमात ते बसत नाही, आणि कर्जतला पुढची गाडी आमची वाट बघत होती.