जवातले क्रॉसओव्हर मोजताना: माझा अनुभव

जवात जनुकीय पुनर्संयोजन, म्हणजे क्रॉसओव्हरमुळे जोडीतल्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची होणारी अदलाबदल, किती होतं आणि गुणसूत्रावर नेमकं कुठे होतं, हे मी दोन्ही बाजूंनी मोजलं. आधी सूक्ष्मदर्शकाखाली, मग मार्करवरून, म्हणजे डीएनएतल्या ओळखीच्या खुणांवरून. नव्याने सुरुवात करणाऱ्यांना मी आग्रहाने सांगते, जमत असेल तर दोन्ही करा.

सूक्ष्मदर्शकासाठी ओंबी पोटरीत असतानाच काढावी लागते. ती लगेच तीन भाग अल्कोहोल आणि एक भाग अ‍ॅसिटिक आम्लात टाकायची. जवाच्या फुलात तीन परागकोश असतात आणि तिन्ही जवळपास एकाच टप्प्यावर असतात. त्यामुळे एक फोडून बघायचा. पेशी पहिल्या मेटाफेजमध्ये (गुणसूत्रांच्या जोड्या पेशीच्या मध्यावर येतात त्या टप्प्यावर) सापडल्या तर उरलेले दोन मोजणीला घ्यायचे. अ‍ॅसिटोकार्माइनचा थेंब टाकून कव्हरस्लिपवर अंगठ्याने सरळ दाब द्यायचा. ती जराही सरकली की पेशी चुरगळल्याच!

गुणसूत्रांच्या ७ जोड्या सुट्या दिसल्या की मोजणी सुरू. जोडी कड्यासारखी दिसली तर दोन्ही भुजांवर किमान एकेक कायझ्मा (क्रॉसओव्हर झाल्याची दिसणारी जोडणी), काडीसारखी दिसली तर एकाच भुजेवर. एका कायझ्म्याचे जनुकीय नकाशावर ५० सेंटिमॉर्गन (पुनर्संयोजनावरून मोजलेल्या अंतराचं एकक) होतात. म्हणजे सातही जोड्या कड्या असतील, तर नकाशा निदान ७०० सेंटिमॉर्गनचा यायला हवा. ‘निदान’ अशासाठी, की शेजारशेजारचे दोन कायझ्मे इथे एकच दिसू शकतात.

मार्करसाठी दुहेरी हॅप्लॉइड ओळी (गुणसूत्रांचा एकच संच असलेल्या रोपात तो दुप्पट करून मिळवलेल्या) घेतल्या. अशी प्रत्येक ओळ एकाच अर्धसूत्री विभाजनाची (गुणसूत्रांची संख्या निम्मी करणाऱ्या पेशीविभाजनाची) नोंद असते, म्हणून वाचायला सोपी. पण पहिला नकाशा भलताच लांब आला. सूक्ष्मदर्शकाचा आकडा हाताशी होता, म्हणूनच शंका आली. सलग आईकडच्या खुणांमध्ये मधेच एक खूण बापाकडची दिसली, की संगणक तिथे दोन क्रॉसओव्हर धरतो. प्रत्यक्षात एका क्रॉसओव्हरला लागून दुसरा सहसा होत नाही. अशा एकट्या पडलेल्या खुणा पुन्हा तपासल्या. बऱ्याचशा वाचनातल्या चुका निघाल्या. त्या काढल्यावर नकाशा आटला.

पुनर्संयोजनाच्या टक्क्यांवरून नकाशावरचं अंतर काढायला मी गणितज्ञ दामोदर कोसंबींचं १९४४ सालचं सूत्र वापरलं. २० टक्के पुनर्संयोजनाला जनुकशास्त्रज्ञ हाल्डेनच्या सूत्राने सुमारे २५.५ सेंटिमॉर्गन येतात, कोसंबींच्या सूत्राने २१.२. क्रॉसओव्हर एकमेकांना जवळ येऊ देत नाहीत ही गोष्ट कोसंबी हिशेबात धरतात, हाल्डेन धरत नाहीत. जवाला मला कोसंबींचंच पटतं.

मनात सगळ्यात खोलवर गेलं ते मात्र क्रॉसओव्हरचं वाटप. जवाचा जीनोम, म्हणजे एका संचातला सगळा डीएनए, सुमारे ५ अब्ज बेस-जोड्यांचा, आणि क्रॉसओव्हर बहुतेक सगळे गुणसूत्रांच्या टोकांकडे. मधल्या लांबलचक पट्ट्यात कितीतरी जनुकं आहेत, पण ती पिढ्यान्‌पिढ्या एकगठ्ठाच पुढे जातात. तिथल्या चांगल्या जनुकाला चिकटलेलं वाईट जनुक सोडवायचं म्हणजे हजारो रोपं चाळावी लागतात. सध्या मी तेच करते आहे: जनुकाच्या दोन्ही बाजूंना एकेक मार्कर धरायचा, रोपटं लहान असतानाच पान तपासायचं आणि ज्यात त्या दोघांची ताटातूट झाली तेवढंच वाढवायचं.