एकटा झुबा आणि निळा खडा

आज परत गुजरीत, म्हणजे आमच्या कोल्हापूरच्या सराफबाजारात, जाऊन आले. तिसरा फेरा. पण आज ठरलं एकदाचं, म्हणून लगेच लिहून ठेवतेय, नाहीतर उद्या चहाच्या कपाबरोबर परत मन फिरायचं.

झालं असं की माझी आरडी सुटली आणि मी घरात जाहीर केलं की यातून मला माझ्यासाठी एक पेंडंट करायचंय, एकच खडा, बाकी नक्षीबिक्षी काही नको, आणि ते रोज घालायचंय. रोज म्हणजे रोज, भाकऱ्या थापताना, केएमटीच्या बसमध्ये लोंबकळताना, शाळेत पेपर तपासताना. लग्नातल्या पाटल्या वर्षातून दोनदा लॉकरमधून हवा खायला बाहेर येतात, तसला अजून एक डाग नको होता मला.

यावर आमच्या ह्यांचा पहिला प्रश्न, "मोडीला किती येतील?" अहो, अजून घडवलं नाही आणि मोडायला निघालात!

पोरगी पुण्याहून फोनवर, "आई, लॅबवाला हिरा घे, सूरतला ढीगभर बनतात." तिचं म्हणणं काही खोटं नाही. लॅबमध्ये वाढवलेला असला तरी तो हिराच, तोच कार्बन, तोच कडकपणा, नुसत्या डोळ्यांनी फरक कळत नाही आणि किमतीत मात्र केवढा फरक. २०२३ मध्ये मोदींनी जिल बायडन यांना साडेसात कॅरेटचा भेट दिला होता तोही लॅबचाच. दुकानात मी ३० सेंटचा गळ्याशी धरून बघितला (१०० सेंट म्हणजे १ कॅरेट, आणि १ कॅरेट म्हणजे ग्रॅमचा फक्त पाचवा भाग, मला हे इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं). जेमतेम ४ मिलिमीटरचा ठिपका. छान होता, लखलखत होता, पण आरशात बघताना माझं मलाच वाटलं की ह्या कुणा दुसऱ्याच बाई आहेत. शिवाय हिऱ्याला तेलातुपाची भारी ओढ, फोडणीच्या धुरातून गेला की आठवड्यात मंद दिसायला लागतो, म्हणजे सारखं घासत बसा.

मला रंग हवा होता हे त्या आरशापुढे कळलं.

पाचू डोळ्यांत भरला होता खरं तर. पण आईच्या पाचूच्या कुड्यांचं काय झालं ते मी बघितलंय, दिवाळीच्या आधी तिने कौतुकाने गरम पाण्यात साबण घालून धुतल्या आणि खडे एकदम पांढुरके, आत सगळ्या रेघा दिसायला लागल्या. पाचूच्या आत बारीक भेगा असतातच आणि त्या दिसू नयेत म्हणून त्यात तेल मुरवलेलं असतं, ते गेलं की संपलं. तिला कुणी सांगितलंच नव्हतं विकताना. मोत्याला घाम आणि अत्तर सोसत नाही. अंगठीइतका मार पेंडंटला बसत नाही म्हणून नाजूक खडाही चालतो असं म्हणतात, पण मी स्वतःला ओळखून आहे.

मग नीलम. कडकपणात हिरा १० धरला तर हा ९. आणि गंमत म्हणजे नीलम, माणिक आणि सराफाचा पिवळा पुष्कराज ही तिन्ही एकाच खनिजाची पोरं, त्या खनिजाला कुरुंद म्हणतात (मला आधी कुरुंदवाडच आठवलं). पुष्कराजाचा घोळ वेगळाच आहे, पुस्तकात त्याचा अर्थ टोपाझ देतात आणि पेढीवर पिवळा सफायर दाखवतात, आणि दोघांच्या किमती म्हणजे कुठे इंद्राचा ऐरावत. दुकानदाराने आपणहून सांगितलं की खडा सिलोनी आहे आणि तापवलेला आहे, बहुतेक नीलम तापवूनच रंग उजळवतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही, फक्त सर्टिफिकेटवर तसं लिहिलेलं पाहिजे. लिहिलेलं होतं. भाव रत्तीत सांगत होता, मी कॅरेटमध्ये मागितला, कारण रत्ती दुकानागणिक बदलते.

घरी सांगितल्यावर सासूबाई गप्प. मग म्हणाल्या, "नीलम सगळ्यांना लाभत नाही गं." तीन रात्री उशाखाली ठेव, वाईट स्वप्न पडलं तर परत दे. माझा विश्वास नाही, पण त्यांचा आहे, आणि दुकानदारालाही ही रीत पाठ, त्याने अनामत घेऊन खडा दिलाच. स्वप्नंबिप्नं काही नाही पडली. झोपच कुठे लागली, हरवेल या धास्तीने रात्री चार वेळा उठून अभ्रा चाचपत होते.

धातूचं लवकर उरकलं. चांदी म्हटलं तर हुपरी इथून हाकेच्या अंतरावर, पण रोज घामात काळी पडणार. प्लॅटिनम दिसायला देखणं, आणि आमचा ओळखीचा कारागीर हात जोडून म्हणाला, "मॅडम, ते वितळायला १७६८ डिग्री लागतात, उद्या कडी तुटली तर माझ्याकडे आणू नका." पांढऱ्या सोन्यावरचा रोडियमचा मुलामा घासून जातो, परत परत पॉलिश. राहिलं आपलं पिवळं सोनं, पण २२ कॅरेट (हा कॅरेट वजनाचा नव्हे, शुद्धतेचा) मऊ, खडा धरायला १८ च बरं, म्हणजे हॉलमार्कवर ९१६ च्या जागी ७५०. निळ्याभोवती पिवळं फार गोड दिसतं हेही खरंच. खडा धरणारी नखं नकोत म्हटलं, पदराचे धागे ओढतात. कडेने बंद कोंदण, पण मागून उघडं, जुन्या टूथब्रशने घासता येईल असं.

आणि सोनं नवीन घेतलंच नाही. चौदा वर्षांपूर्वी जोतिबाच्या यात्रेत कानातला एक झुबा हरवला, तेव्हापासून दुसरा डबीत एकटाच पडून होता. २ ग्रॅम ६०० मिली भरला. २२ चं १८ करताना तांबं-चांदी मिसळून ३ ग्रॅमच्या वर जातं, घट धरूनही पुरतं. मागे एका दुकानात खड्याचं वजनही सोन्याच्या भावाने लावलं होतं, तेव्हा कळलं नव्हतं, या वेळी ग्रॉस आणि नेट वेगळं लिहून घेतलं, घडणावळही आधीच कागदावर. हॉलमार्कचा नंबर (एचयूआयडी) बीआयएस केअर ॲपवर तपासूनच डाग हातात घेणार.

सासूबाई म्हणतात शनिवारीच घाल. कारागीर म्हणतो सोमवारी मिळेल. बघू.

झुबा मुशीत टाकायच्या आधी त्याची फिरकी मात्र मी मागून घेतली.