हिरवा लेझर आणि उथळ समुद्राचा तळ

विमानातून समुद्राचा तळ मोजायचा तर लेझर हिरवाच लागतो, ५३२ नॅनोमीटरचा. जमिनीच्या सर्वेक्षणात चालणारा १०६४चा इन्फ्रारेड पाण्यात वरच्या वर शोषला जातो. काही यंत्रणांत तो फक्त पाण्याची पातळी पकडायला जोडीला असतो. ऑस्ट्रेलियाचं नौदल १९९३पासून ग्रेट बॅरियर रीफच्या परिसरात हे तंत्र वापरू लागलं.

खोली काढतात ती किरण तळाला लागून परत यायला लागलेल्या वेळेवरून; खरी मेख अपवर्तनात आहे. उभ्या रेषेशी २० अंशांत आलेला किरण पाण्यात साधारण १५ अंशांवर वाकतो, वेगही पाऊणपट होतो. दुरुस्ती राहिली तर १० मीटरवरचा तळ जवळपास १३ मीटरवर दिसतो, शिवाय दोनेक मीटर आडवा सरकतो. लाटांच्या उताराची चूक वेगळीच.

गढूळ पाण्यापुढे मात्र कुठलंच गणित चालत नाही. उड्डाणाआधी होडीतून सेक्की तबकडी, म्हणजे पाण्याची पारदर्शकता तपासायची चकती, सोडायची आणि ती दिसेनाशी होते ती खोली टिपायची. ताकदवान यंत्रणा तिच्या दुप्पट-तिप्पट खोल जाते, हलकी जेमतेम दीडपट. कोकणात पावसाळ्यात खाडीमुखाशी गाळ असताना विमान उडवणं म्हणजे शब्दशः पैसे पाण्यात.

फुटत्या लाटांच्या फेसात तळ सापडत नाही. अगदी उथळ पाण्यात पृष्ठभाग आणि तळ यांचे परतीचे सिग्नल एकमेकांत मिसळतात. तिथे ओहोटीला चालत जाऊन जीपीएसची काठी रोवलेली बरी.