ऑक्सिजन सेन्सर दोनदा बदलला, दोष निघाला अर्थिंगच्या पट्टीत

इंजिन थंड असेपर्यंत माझी जुनी पेट्रोल व्हॅन एकदम गुळगुळीत चालायची. गरम झालं की न्यूट्रलला रेस आपोआप वर जायची, खाली यायची, परत वर. टॅकोमीटरवर 800 वरून 1400, 1400 वरून 800. हेडलाइट आणि ब्लोअर लावला की हा झोका आणखी वाढायचा. हे शेवटचं वाक्य मी पहिल्याच दिवशी वहीत लिहिलं होतं. पुढे चार महिने ते ना मी मनावर घेतलं ना मेकॅनिकने, याची चीड अजून जात नाही.

गाडी इतकी जुनी की स्कॅनर लावायची सोयच नाही. सॉकेटमधल्या दोन पिना जोडायच्या आणि चेक इंजिनचा दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजायचं. (कुठल्या दोन पिना, ते आपल्याच गाडीच्या मॅन्युअलमध्ये बघा. अंदाजाने जोडलं तर ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जळू शकतो.) कोड आला तो असा: ऑक्सिजन सेन्सर (धुरात ऑक्सिजन किती उरला ते ईसीएमला सांगणारा) मिक्स्चर पातळ दाखवतोय, म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी.

व्हॅक्युमचे पाइप तपासले, कुठेच गळती नाही. आयडलचा व्हॉल्व्ह काढून कार्बन साफ केला. थ्रॉटल सेन्सरचा व्होल्टेज पेडल दाबत 0.5 पासून 4.5 पर्यंत सलग चढला, मध्ये कुठे अडखळला नाही. इथवर सगळं एका सुट्टीत उरकलं.

मग अडकलो. ऑक्सिजन सेन्सरची तार काढली की रेस तत्काळ शांत! मेकॅनिक म्हणाला, "दादा, आता पुरावा कशाला पाहिजे? सेन्सरच गेलाय." मलाही पटलं. नवा बसवला, इंजिन गरम झालं आणि झोका पुन्हा सुरू. "पीस खराब निघाला," म्हणून दुसरा बसवला. तेच. आता ईसीएम बदलायची गोष्ट निघाली.

त्या आठवड्यात मी स्पार्क प्लग काढले. चारही काळेकुट्ट, बोटाला कोरडी काजळी लागत होती. मिक्स्चर पातळ असेल तर प्लगचं टोक पांढुरकं पडतं, काळं नाही. कोड म्हणतोय पेट्रोल कमी, प्लग म्हणतायत जास्त. माझा विश्वास प्लगवर, कारण ते जळून आलेले असतात. म्हणजे पातळ हे फक्त ईसीएमला वाटत होतं आणि म्हणून तो पेट्रोल वाढवत सुटला होता.

का वाटत होतं? माझ्या गाडीत हा सेन्सर एकाच तारेचा आहे. त्याची अर्थिंग सायलेन्सरच्या पाइपातून इंजिनला मिळते, ईसीएमची मात्र बॉडीला. इंजिन आणि बॉडी जोडणारी एक विणलेली पट्टी असते, दिवे आणि ब्लोअरचा करंटही तिच्यातूनच परततो. मीटरचं एक टोक इंजिनला, दुसरं बॉडीला लावलं आणि इंजिन चालू ठेवून सगळे दिवे आणि ब्लोअर लावला. मीटरवर 0.4 व्होल्ट! तिथे 0.1 सुद्धा दिसायला नको. सेन्सरचा सगळा खेळ 0.1 ते 0.9 व्होल्टचा, त्यातले 0.4 वाटेतच गायब होत होते. व्होल्ट कमी म्हणजे मिक्स्चर पातळ, जास्त म्हणजे घट्ट; 0.9 चं घट्ट मिक्स्चर ईसीएमला 0.5 दिसत होतं. आणि तार काढल्यावर शांत का? सेन्सर नसला की ईसीएम ठरलेल्या तक्त्यावर चालतो. इंजिन थंड असतानाही तसंच, म्हणून सकाळी त्रास नव्हता.

पट्टी वरून चांगली दिसत होती. बोल्ट सोडला तर खालून हिरवी भुकटी आणि अर्ध्याहून जास्त तारा तुटलेल्या. स्टार्टर मात्र झकास फिरायचा, कारण बॅटरीची जाड केबल थेट इंजिनला आहे. म्हणून अर्थिंगचा संशय कुणालाच आला नाही. स्टार्टरवरून अर्थिंग पारखू नका, मीटर लावा, आणि तोही सगळा लोड चालू असताना. लोड नसताना माझ्याकडे 0.15 च दिसत होते.

नवी पट्टी टाकली, दोन्ही जागा चकचकीत धातू दिसेपर्यंत घासल्या. आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल काढा, हे वरच सांगायला हवं होतं. त्याने जुना कोडही पुसला जातो. सेन्सर मोजायला साधा टेस्ट लॅम्प लावू नका, डिजिटल मीटरच घ्या. इतक्या बारीक व्होल्टेजला लॅम्पचा भार झेपत नाही.

आता इंजिन-बॉडीमध्ये 0.03 व्होल्ट. मुद्दाम पहिला, "गेलेला" सेन्सर परत बसवला. इंजिन गरम करून सगळे दिवे लावले आणि दहा मिनिटं टॅकोमीटरकडे बघत बसलो. काटा 800 वरून हलला नाही. तोच सेन्सर आजही गाडीत आहे.